दाढी सापडायला लागणारा वेळ

१ नोव्हेंबर

प्रिय पाल्हाळेश्वर,

तुझं सगळं ठीक असणारच. नसतं, तर का ठीक नाही याचं वीस पानी पत्र आतापर्यंत आलं असतं.

मुद्द्याचं लिहिते. दुकानासाठी तू बनवून दिलेला तो कॉम्प्युटरवरचा डेटाबेस म्हातारा झालाय. सुरुवातीला काय तडफ होती! ‘राणीचा झगा’ टाइप केलं की बोट उचलायच्या आत सांगायचा: कुठल्या रांगेत, कुठल्या खुंटीवर, भाड्याने गेलाय की घरी आहे. आता ‘पांढरी दाढी’ विचारलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं, आणि फिरतच राहतं. काल एक नट आला होता, म्हाताऱ्या राजाचं काम करणारा. मी यंत्राला दाढी विचारली, त्याला चहा दिला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, त्याच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकली. शेवटी तो गालावरून हात फिरवत म्हणाला, “ताई, राहू द्या. तोवर माझीच आलीय.”

मी यंत्राला चापट मारून पाहिली. तुझ्या भावोजींनी गोड बोलून पाहिलं. दोन्हीचा उपयोग शून्य.

आता खरी गोष्ट. २८ तारखेला नाट्यस्पर्धा आहे. आदल्या दिवशी सकाळी सगळ्या मंडळ्या एकदम कपडे न्यायला येतात, हे तुला माहीत आहे. त्या सकाळी चक्र फिरत बसलं, तर सगळे समोरच्या दुकानात जातील आणि पुन्हा इकडे फिरकणार नाहीत. एक विक्रेता महिनाभर माझ्या मागे लागलाय. गळ्यात टाय, हातात बॅग, तोंडात ‘नवीन प्रणाली’. सहीचे कागद घेऊनच फिरतो. त्याला मी सांगितलंय, २७ तारखेला ये. त्या दिवशी तुझं यंत्र धावलं तर ठीक, नाही तर मी सही करणार. राग मानू नकोस. तू भाऊ आहेस, पण दुकान हे दुकान.

आणि फोन करू नकोस. मागच्या खेपेला ‘एकच मुद्दा सांगतो’ म्हणालास, आणि तो संपेपर्यंत दोन गिऱ्हाइकं आपल्या हाताने कपडे घेऊन, आपल्या हाताने नोंद करून, मला टाटा करून निघून गेली. पत्र लिही. गल्ल्यावर बसून जमेल तसं वाचते.

तुझी,
ताई

---

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार क्रमाने करतो: प्रथम तुला, नंतर भावोजींना, आणि शेवटी तुझी चापट खाल्लेल्या त्या निरपराध यंत्राला.

तुझे पत्र वाचून काळजी वाटली, हे खरे. परंतु प्रश्न इतका देखणा आहे की मी ते लगेच दुसऱ्यांदा वाचले. विद्यार्थ्यांच्या परीक्षा चालू असल्यामुळे महिनाअखेरपर्यंत मला तिकडे येता येत नाही. शिवाय त्या यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडू देण्यास तुझा विरोध असल्याने मला येथून काही करता येत नाही. तेव्हा पत्राद्वारेच निदान करू. त्यासाठी यंत्राच्या पोटात काय घडत असते ते आधी समजावून घेतले पाहिजे. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही रंजक आहेत.

पहिली गोष्ट रद्द नोंदींची. एखादी दाढी भाड्याने गेली की यंत्र तिची जुनी नोंद पुसत नाही. ती रद्द म्हणून बाजूला ठेवते आणि शेजारी नवी नोंद लिहिते. दाढी परत आली की पुन्हा तेच. समज, तुझ्या गोदामात प्रत्येक परत आलेला पोशाख नव्या हँगरवर टांगला, आणि जुना रिकामा हँगर तसाच लटकत ठेवला. काही वर्षांनी एक झगा शोधायला तुला शेकडो रिकामे हँगर सरकवावे लागतील. म्हणून अधूनमधून ते रिकामे हँगर काढून टाकायचे असतात.

दुसरी गोष्ट सूचीची. कोणती वस्तू कुठे आहे हे चटकन सांगणारी एक सूची यंत्र बाळगते. नोंदींची सतत ये-जा झाल्याने तीही फुगते आणि विस्कटते. समज, तुझ्या गोदामात लाल पोशाखांच्या रांगेत निळे घुसले, निळ्यांच्या रांगेत गाढवाची मुंडकी आली. मग रांगा असून नसल्यासारख्याच. त्या पुन्हा नीट लावाव्या लागतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे: अंदाज. शोधायला निघण्यापूर्वी यंत्र क्षणभर थांबून अंदाज बांधते की अशा वस्तू साधारण किती असतील, आणि त्यावरून शोधण्याची पद्धत ठरवते. हा अंदाज मागच्या मोजणीवर आधारलेला असतो. समज, तुझ्या गोदामाच्या दारात एक माणूस बसला आहे आणि तो सांगतो, “पांढऱ्या दाढ्या? असतील चार.” चारच असतील, तर एकेक हातात घेऊन पाहणे परवडते. पण तू त्यानंतर त्या बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या दाढ्यांच्या पेट्याच्या पेट्या विकत घेतल्यास. दारातला माणूस अजून चारच म्हणतो आहे, आणि यंत्र बिचारे चारशे दाढ्या एकेक हातात घेऊन न्याहाळते आहे! म्हणून मोजणी वरचेवर नव्याने करायची असते.

या तीन कामांना मिळून देखभाल म्हणतात. आणि खरे कोडे येथेच आहे. ही देखभाल तुझे यंत्र दर सोमवारी आपोआप करते. तशी व्यवस्था मी पहिल्याच दिवशी करून ठेवली आहे. सोमवारी दुकान बंद असते, कोणी यंत्राला काही विचारीत नाही, त्यामुळे ते निवांतपणे आपले पोट साफ करू शकते. मग ते मंदावले कसे? निदानासाठी मला यंत्राची आकडेवारी हवी. ती छापून घेण्याच्या पायऱ्या शेवटच्या पानावर दिल्या आहेत. तेवढे एकच काम तू करायचे आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असे झाले होते, लिहितो. मी शिकायला बाहेर पडलो आणि तू गल्ल्यावर बसलीस. तेव्हापासून कपडे तुझे, गिऱ्हाइके तुझी, दाढ्या तुझ्या. तो डेटाबेस तेवढा माझा. त्या टायवाल्याच्या कागदावर तुझी सही झाली की मी दुकानात पाहुणा म्हणून येणार, आणि पाहुण्याला कोणी गल्ल्यामागे बसवीत नाही. तेव्हा घाई करू नकोस, ही विनंती.

तुझा सविस्तर,
भाऊ

---

११ नोव्हेंबर

प्रिय पाल्हाळेश्वर,

झालं! सगळं तू सांगितलंस तसं केलं, आणि एकही पायरी गाळली नाही.

तुझ्या पत्रातला यंत्राचा भाग मला कळत नाही, म्हणून तो मी सोडून देते. पण जिथे जिथे ‘समज, तुझ्या गोदामात’ असं लिहिलंस, तो भाग मात्र लख्ख कळला. तीनदा वाचला. मग दुकानाला ‘साफसफाईसाठी बंद’ अशी पाटी लावली आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

पहिलं, रिकामे हँगर. तू दूर बसून कसं ओळखलंस कोण जाणे, पण खरंच होते. इतके निघाले की भंगारवाल्याने दोन खेपा केल्या आणि निघताना मला वाकून नमस्कार केला.

दुसरं, रांगा. सगळ्या नव्याने लावल्या. लाल सगळे एका रांगेत, निळे एका रांगेत. राजे, चोर, डॉक्टर, भुतं, कोणाचाही मुलाहिजा ठेवला नाही, फक्त रंग. दिसतंय इतकं छान की वाटतं, कोणाला काही भाड्याने देऊच नये. सातव्या रांगेत दाढ्या होत्या, तिथे आता गाढवाची मुंडकी आहेत. दाढ्या तिसरीत.

तिसरं, दारातला माणूस. आपल्याकडे असा माणूसच नव्हता, हे मला तुझं पत्र वाचून कळलं. म्हणून तुझ्या भावोजींना स्टूल देऊन दारात बसवलंय. कोणी काही मागितलं की आधी ते अंदाज सांगतात. पहिल्या दिवशी जरा बिचकत होते, आता रंगात आलेत. “अंदाजे आहे,” “अंदाजे नाही,” “अंदाजे मधल्या रांगेत असावं.” घरीसुद्धा तसंच बोलतात. काल विचारलं, भात पुरेल ना? म्हणाले, “अंदाजे.” पुरला नाही.

पण एक सांगू? यंत्र अजून तसंच रखडतंय. आणि वर खोटं बोलायला लागलंय! काल खूप वेळ चक्र फिरवून म्हणालं, दाढी सातव्या रांगेत आहे. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, सातव्यात बघा. तो गाढवाचं मुंडकं हातात घेऊन परत आला आणि म्हणाला, “नाटक गंभीर आहे हो.”

टायवाला रोज डोकावतो. काल भावोजींनी त्याला दारातच सांगितलं, “अंदाजे सही होईल.” तो खूश होऊन गेला. तू बघ बाबा काय ते.

तुझी,
ताई

---

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार, थोड्या धडधडत्या अंतःकरणाने.

ताई, ते उदाहरण होते! गोदाम म्हणजे गोदाम नव्हे. गोदाम म्हणजे यंत्राचे पोट. हँगर म्हणजे नोंदी. दारातला माणूस म्हणजे भावोजी नव्हेत. तुम्ही दोघांनी घेतलेल्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे, पण यंत्राच्या देखभालीतला एक कणही त्यामुळे पुढे सरकलेला नाही. उलट, यंत्राला ठाऊक असलेली प्रत्येक जागा आता चुकीची ठरली आहे. पूर्वी ते बरोबर उत्तर उशिरा देत असे. आता चुकीचे उत्तर उशिरा देते. त्याला खोटारडे म्हणू नकोस. त्याला कोणी सांगितले का, की दाढ्या तिसऱ्या रांगेत गेल्या?

मी चार दिवस विचार करतो आहे. देखभाल दर सोमवारी होत असूनही यंत्र मंद का, याच्या तीन शक्यता मला दिसतात. एक, यंत्राची माहिती साठवणारी तबकडी झिजत आली असावी. दोन, दुकानात उडणारे कृत्रिम केस यंत्राच्या पंख्यात अडकून ते तापत असावे. तीन, माझ्या आज्ञावलीत असा काही सूक्ष्म दोष असावा जो शोधण्यात मला अपरिमित आनंद मिळेल. तिसरी शक्यता खरी निघावी अशी माझी इच्छा आहे. पण आकडेवारीशिवाय काहीच सांगता येत नाही. शेवटच्या पानाचे तेवढे मनावर घे.

यापुढे मी तुझ्या मालकीच्या कोणत्याही वस्तूचे उदाहरण देणार नाही. तरीही अंदाज ही कल्पना इतकी महत्त्वाची आहे की ती अर्धवट समजलेली मला राहवणार नाही. समज, एक स्वयंपाकघर आहे, आणि ते तुझे नाही. ते दुसऱ्याच कोणाचे तरी आहे. त्यात शंभर डबे आहेत. पंचाण्णव डब्यांत साखर आहे आणि पाच डब्यांत मीठ. मीठ शोधायचे असेल तर ‘मीठ’ असे लिहिलेली चिठ्ठी पाहून थेट त्या डब्याकडे जाणे शहाणपणाचे. पण साखर शोधायची असेल तर चिठ्ठी कशाला वाचायची? समोर येईल तो डबा उघडावा! यंत्रही असाच विचार करते. फक्त कोणत्या वस्तूचे किती डबे आहेत याचा हिशेब ताजा असला पाहिजे. म्हणून प्रत्येक डबा उघडून मोजणी करावी लागते.

पुन्हा सांगतो, हे स्वयंपाकघर काल्पनिक आहे.

तुझा काळजीत पडलेला,
भाऊ

---

१७ नोव्हेंबर

प्रिय पाल्हाळेश्वर,

मी तुझं ऐकलं. स्वयंपाकघराला हात लावला नाही. पण पत्र गल्ल्यावर राहिलं आणि तुझ्या भावोजींनी वाचलं. ‘ते तुझे नाही, दुसऱ्याच कोणाचे तरी आहे’ हे वाचून ते सरळ शेजारणीकडे गेले. ती बाहेर गेली होती, तिच्या नवऱ्याने बापड्याने दार उघडलं. दोघांनी मिळून एकूण एक डबा उघडला आणि मोजणी केली. मध्येच शेजारीण आली. तिने विचारलं, “हे काय चाललंय?” तर तिचा नवरा म्हणतो कसा, “अंदाज ताजा करतोय.” ती आता माझ्याशी बोलत नाही. तिला तिचं मीठ मात्र चटकन सापडतं, असं तिचा नवरा कुजबुजत सांगून गेला.

शेवटच्या पानाप्रमाणे आकडेवारी छापायला घेतली, तर शाई संपलेली. मग भावोजींनी पडद्यावर बघून हाताने उतरवून काढली. सोबत जोडली आहे. आकडे त्यांनी जरा गोल केलेत, वाचायला सोपे पडावेत म्हणून.

आज सोमवार, म्हणून निवांतपणे लिहितेय. बाबांची शिस्त मी मोडलेली नाही. रविवारी दुकान बंद करताना मेन स्विच खाली केला, पुन्हा मागे वळून बघितला, आणि आता मंगळवार सकाळपर्यंत त्या दुकानात मुंगीला दिसेल एवढाही उजेड नाही. रिकाम्या खोलीत वीज जाळायची नाही, हे बाबा सांगायचे ते तुला कधी पटलं नाही, पण बघ, इतक्या वर्षांत मी एक सोमवार चुकवलेला नाही.

पंख्यात केस अडकलेत का, ते बघितलं. एक मिशी निघाली. यंत्र तसंच.

खरं सांगू का, मला त्या टायवाल्याच्या कागदावर सही करायची हौस नाही. पण गेल्या वर्षी एका मंडळीला राक्षसाचे दात वेळेवर सापडले नाहीत, आणि त्यांनी राक्षस बोळका दाखवला. लोक हसले. बक्षीस गेलं. ते आजही समोरच्या दुकानातून कपडे नेतात, माझ्या दारावरून, मान वळवून. या वर्षी तसं झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

तुझी,
ताई

---

२० नोव्हेंबर

ताई,

सापडले! मेन स्विच!

यंत्राला देखभाल करायची असते सोमवारी, आणि सोमवारी तू त्याला झोपवतेस. मी सोमवार निवडला, कारण दुकान बंद असते. यंत्र चालू आहे की नाही, हे विचारायचे मला सुचले नाही. पहिल्या दिवसापासून आजवर एकदाही देखभाल झालेली नाही. भावोजींनी उतरवलेल्या कागदावरही ‘शेवटची देखभाल: बहुधा कधीच नाही’ असे आहे, मी तो त्यांचा अंदाज समजलो.

स्पर्धेपूर्वी २४ तारखेचा एकच सोमवार उरला आहे. क्रम नीट पाळ.

आधी, रविवार संपण्यापूर्वी, प्रत्येक वस्तूची नवी जागा यंत्रात भरा. त्याने यंत्र आणखी मंदावेल. घाबरू नकोस, प्रत्येक बदलाबरोबर एक रद्द नोंद वाढते, म्हणून तसे होणारच.

त्यानंतर सोमवारी मेन स्विच खाली करू नकोस. यंत्राला हात लावू नकोस. चक्र फिरले तरी फिरू दे.

क्रम उलटा झाला, तर देखभाल होईल आणि तिच्या पाठोपाठ पुन्हा कचरा साठेल.

उदाहरण देत नाही. तुझा नियम मोडून दूरध्वनीही केला होता. भावोजींनी उचलला, “ती अंदाजे दुकानात आहे,” म्हणाले आणि ठेवला.

भाऊ

---

२३ नोव्हेंबर

अरे,

तुझं पत्र एकाच पानाचं बघून मी पाकीट उलटं करून झटकलं. वाटलं, तुलाच काहीतरी झालं. आधी शेवटची ओळ वाचली, मग जिवात जीव आला.

काल सकाळपासून मी रांगांतून ओरडतेय आणि भावोजी टाइप करतायत. लाल आणि निळे झाले, दाढ्या झाल्या, आता मुंडकी चाललीत. यंत्र इतकं रखडतंय की भावोजी मधल्या मधे डुलकी काढतात. पण तू म्हणालास घाबरू नकोस, म्हणून घाबरत नाही.

मेन स्विचचं मात्र कठीण आहे रे. मघाशी नुसतं मनात आणलं की उद्या तो वरच राहणार, तर बाबा मागे उभे आहेत असं वाटलं. ठरवलंय, रिकाम्या खोलीत वीज जाळायची नाही ना, मग खोली रिकामी ठेवायचीच नाही. उद्या आम्ही दोघं दुकानात बसणार, शटर खाली करून.

गिऱ्हाईक आलंय. बाकी नंतर.

ताई

---

२९ नोव्हेंबर

प्रिय पाल्हाळेश्वर,

बसून वाच. चहा घेऊन बस.

सोमवारी आम्ही दोघं यंत्रासमोर दोन खुर्च्या टाकून बसलो, दवाखान्यात पेशंटजवळ बसतात तसे. यंत्र गुरगुरायला लागलं. भावोजी म्हणाले, “त्याला त्रास होतोय, बंद करू का?” मी त्यांचा हात धरला. दुपारी पंखा इतका जोरात फिरला की समोरच्या खुंटीवरच्या मिशा हलायला लागल्या. संध्याकाळी सगळं शांत झालं. भावोजींनी हळूच विचारलं, “गेलं?” मी म्हटलं, “गप्प बसा. त्याचं पोट हलकं झालंय.” पण त्याला हात लावला नाही. तू लावू नकोस म्हणाला होतास.

२७ तारखेला शटर उचललं तर बाहेर गर्दी. सगळ्या मंडळ्या आलेल्या. त्यांच्यात टायवाला, आज नवा टाय. तो गल्ल्याशेजारी खुर्ची ओढून बसला, कागद मांडीवर, पेनाचं टोपण काढून तयार.

पहिला दिग्दर्शक पुढे आला. “पांढरी दाढी. छातीपर्यंत. किंचित मळकट. आणि लवकर.”

मी टाइप केलं. माझं बोट अजून बटणावरच होतं रे! पडद्यावर आलं: ‘रांग तीन, वरची खुंटी, अंदाजे.’

मला वाटलं, चुकून झालं असेल. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, तितक्याच तडफेने. माणूस पाठवला. दाढी त्या खुंटीवरच होती. ‘अंदाजे’ हे यंत्राचं नव्हे. भावोजींनी टाइप करताना प्रत्येक जागेपुढे घातलंय. आता म्हणतात, खात्री नसताना खोटं कसं लिहू?

मग काय! मुकुट, गाढवाची मुंडकी, शिपायांचे बूट, भुताची चादर. मागणी तोंडातून निघायची आणि उत्तर तयार. एका दिग्दर्शकाला तर राग आला. म्हणाला, “अहो, जरा विचार करायला तरी वेळ द्या, मला झगा हवाय की कोट ते ठरवतोय.” बोळक्या राक्षसाची मंडळीसुद्धा आली, समोरच्या दुकानात रांग लांब म्हणून. त्यांना दात हवे होते. यंत्राने दोन जबडे सांगितले. ते मान खाली घालून घेऊन गेले, आणि जाताना “येतो, ताई” म्हणाले.

दुपारपर्यंत दुकान रिकामं. टायवाला तिथेच बसलेला. त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, घसा खाकरला.

“मॅडम, आज धावलं, ठीक आहे. उद्याचं काय?”

“उद्या नाही, सोमवारी. सोमवारी त्याची देखभाल असते.”

“तिथेच तर फरक आहे, मॅडम! आमच्या प्रणालीला देखभाल लागतच नाही.”

मी चष्मा काढला. “लागतच नाही?”

“अजिबात नाही.”

“मग रद्द झालेल्या नोंदी कोण काढतं?”

“त्या... राहत नाहीत, मॅडम.”

“राहत नाहीत, की तुम्ही बघत नाही?”

तो भावोजींकडे बघायला लागला. भावोजी छताकडे.

“आणि अंदाज?” मी विचारलं. “दाढ्या चारच्या चारशे झाल्या, तर तुमच्या यंत्राला ते कोण सांगणार?”

“मॅडम, ही तांत्रिक बाब झाली.”

“बसा,” मी म्हटलं. “समजा, एक गोदाम आहे.”

भावोजी उठले, आणि आतून त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

अरे, मला थांबताच येईना! हँगर सांगितले, रांगा सांगितल्या, दारातला माणूस सांगितला, त्याचं प्रात्यक्षिक म्हणून भावोजींना स्टुलावर बसवून दाखवलं. त्याने टाय सैल केला. मग काढून खिशात ठेवला. मधेच म्हणाला, “मॅडम, मला अजून दोन ठिकाणी जायचंय.” मी म्हटलं, “एकच मुद्दा राहिला,” आणि शेजारणीचं स्वयंपाकघर सुरू केलं. साखरेच्या डब्यांपर्यंत आले तेव्हा त्याने कागद बॅगेत भरले, हात जोडले आणि मागे न बघता गेला. भावोजी दारातून बघत होते. म्हणाले, “परत येणार नाही.” मी म्हटलं, “अंदाजे?” म्हणाले, “नाही. नक्की.”

तेव्हा यंत्र राहिलं. पण सोमवारी ते चालू म्हणजे दुकानात माणूस हवं. चालू यंत्र एकटं सोडून जाणं माझ्याच्याने होणार नाही, तू कितीही पानं लिहिलीस तरी. आणि दर सोमवारी आम्ही दोघांनीच सुट्टी घालवायची, असं काही ठरलेलं नाही. परीक्षा संपल्या असतील. ८ तारखेच्या सोमवारचा नंबर तुझा. शटर खाली असेल, बाजूच्या दाराने आत जा आणि गल्ल्यामागच्या खुर्चीवर बस. आमच्यासाठी थांबू नकोस; आम्ही त्या दिवशी उशिरा उठणार आहोत.

पाकीट जड लागलं असेल. त्यात बाजूच्या दाराची चावी आहे. दुसरी करून घेतलीय, ही तुझ्याकडेच राहू दे.

तुझी,
ताई